केसाएवढ्या नळ्यांची निगा : प्रस्तावना

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की भिगवणनंतर डाळज येते. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी इथल्या वस्तीची ओळख. एका अंगाला उजनीचे पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. या पट्ट्यातला माणूस रोज आकड्यांवर जगतो. सकाळी डेअरीवर दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) लागते, त्यावर लिटरचा दर ठरतो. ताप हटला नाही तर भिगवणला किंवा इंदापूरला रक्त तपासतात आणि प्लेटलेटच्या आकड्यावर घर धास्तावते किंवा निवांत होते. बागेची माती बारामतीला जाते आणि पालाश किती टाकायचे ते कागदावर लिहून येते. खोकला लांबला की थुंकीचा नमुना क्षयरोगाच्या यंत्रात जातो.

आकडा पडद्यावर उमटतो, म्हणून तो आपण यंत्राचा समजतो. पण तो उमटण्याआधी एखादा थेंब फार बारीक वाटेने गेलेला असतो. ही वाट कुठे मिलिमीटरभर रुंद असते, तर कुठे त्याच्या दहाव्या हिश्श्याची, डोक्यावरच्या केसाएवढी. वाट स्वच्छ असेल, सांधे गळत नसतील, पंपाची नळी थकलेली नसेल, तरच पुढचे इलेक्ट्रॉनिक्स खरे बोलते. या वाटेची निगा कशी राखायची, तिचे सुटे भाग कधी आणि कशाने बदलायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. तो मराठीत यावा असे मला फार वाटत होते, कारण ही यंत्रे रोज हाताळणारी माणसे मराठीत विचार करतात आणि त्यांच्या हातात पडणारी माहितीपुस्तके मात्र परक्या भाषेत असतात.

सूक्ष्मवाहिन्यांच्या या शास्त्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. नाव नवे वाटते, पण रक्तपेशी मोजण्यासाठी बारीक छिद्र वापरण्याची वॉलेस कूल्टर यांची कल्पना १९५३ सालीच अमेरिकेत पेटंट झाली होती. १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या एका चकतीवर वायू वेगळे करणारे अख्खे उपकरण कोरले. १९९० मध्ये आंद्रेआस मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका चिपवर आणण्याचा आराखडा मांडला. १९९८ च्या सुमारास जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या हार्वर्डच्या गटाने पारदर्शक सिलिकॉन रबरात, म्हणजे पीडीएमएसमध्ये, अशा वाहिन्या झटपट ओतण्याची रीत रूढ केली आणि हे तंत्र महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोचले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांचा गट बारीक नळ्यांतून अखंड वाहत्या रासायनिक क्रियांवर काम करतो. मोठ्या भांड्यात एकदम घडवण्याऐवजी रसायन सतत वाहते ठेवून घडवायचे, ही ती पद्धत. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी रसायनांची मोठी भांडी पाहिली आहेत त्यांना यातला फरक लगेच कळेल. आणि या पद्धतीतली सर्वांत चिवट अडचणही: क्रिया चालू असताना घन कण तयार झाले की नळी तुंबते.

नळी बारीक असली की तुंबणे इतके महागात का पडते, हे एकदा नीट समजून घेतले की पुढची सगळी प्रकरणे सोपी जातात. द्रव गोल नळीतून शांतपणे वाहत असेल आणि दाब तोच असेल, तर प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. शंभर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या, नळीच्या भिंतीवर चहूबाजूंनी पाच-पाच मायक्रॉनचा थर बसला, तर व्यास नव्वदवर येतो. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण प्रवाह एक तृतीयांशापेक्षा जास्त घटतो. व्यास निम्मा झाला तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. अशा वेळी यंत्र बंद पडत नाही. ते चालू राहते आणि चुकीचा आकडा देते. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हे जास्त धोक्याचे, कारण बंद यंत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही.

दोष शोधताना आधी पंप ओळखावा. सिरिंज पंपात मोटार आणि आट्यांचा दांडा दट्ट्याला ठरलेल्या वेगाने पुढे ढकलतात. वाट तुंबली तरी तो ढकलतच राहतो, आतला दाब चढतो आणि सगळ्यांत कमकुवत सांध्यातून द्रव बाहेर येतो. तंत्रज्ञ तो सांधा आवळत बसतो आणि खरा अडथळा चिपच्या तोंडाशी तसाच राहतो. दाबावर चालणाऱ्या पंपात उलटे घडते: गळती होत नाही, प्रवाह मात्र मुकाट्याने कमी होतो. तिसरा प्रकार रोलरचा, ज्याला पेरिस्टाल्टिक पंप म्हणतात. त्यात रोलर मऊ नळी दाबत फिरतात. नळी रोज चेपली जाऊन हळूहळू आपला गोलावा हरवते आणि प्रत्येक फेरीत थोडा कमी द्रव पुढे जातो. याची तपासणी अगदी साधी आहे. पंपातून एक मिनिट डिस्टिल्ड वॉटर छोट्या भांड्यात घ्या आणि तराजूवर तोला. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. नवी नळी बसवली त्या दिवशीचे वजन लिहून ठेवले असेल, तर नळी कधी बदलायची हे कोणाला विचारावे लागत नाही.

प्रयोगशाळेतले रक्तपेशी मोजण्याचे यंत्र जवळून पाहू. रक्त खूप पातळ करून ते एका छिद्रातून ओढले जाते. छिद्राच्या दोन्ही बाजूंना विजेची अग्रे असतात. पेशी छिद्रातून गेली की क्षणभर विजेची वाट अडते आणि एक ठोका नोंदला जातो. ठोक्याची उंची पेशीचा आकार सांगते. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची, प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची. इतका लहान ठोका मोजणाऱ्या यंत्राला धुळीचा कण, बुडबुडा, द्रावणाच्या नळीत वाढलेले जंतू आणि विजेचा खडखडाट हे सगळे प्लेटलेटसारखेच दिसते. म्हणून सकाळी पहिल्या रुग्णाआधी नुसते द्रावण चालवून शून्य तपासायचे असते. अनेक यंत्रांत प्लेटलेटच्या या शून्याची मर्यादा दहा हजारांच्या आसपास असते. डेंग्यूच्या रुग्णाच्या खऱ्या प्लेटलेट वीस हजार असतील आणि यंत्राचे शून्यच दहा हजारांवर बसले असेल, तर अहवालात काय येईल आणि डॉक्टर त्यावरून काय ठरवतील, याचा हिशोब प्रत्येक तंत्रज्ञाने एकदा कागदावर मांडून पाहावा. शून्य वर सरकले तर आधी द्रावणाचा डबा कधी उघडला ते पाहा, मग नळ्यांतले बुडबुडे, मग अर्थिंग. गावाकडे अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

छिद्र तुंबण्याचे नेहमीचे कारण नमुन्यातली बारीक गाठ. रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तर गोठणे रोखणारे ईडीटीए नीट मिसळत नाही आणि डोळ्याला न दिसणारा तंतू तयार होतो. यंत्राची उलट धुण्याची सोय आधी वापरावी, मग कंपनीचे हायपोक्लोराइटचे द्रावण ठरलेला वेळ भिजत ठेवावे. सुई किंवा तार छिद्रात घालू नये. छिद्राची कड एकदा ओरखडली की ठोक्याचा आकार कायमचा बदलतो, आणि तो भाग यंत्राच्या सर्वांत महागड्या भागांपैकी असतो. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सर्रास चुकते. रक्त, दूध, सीरम अशा प्रथिनांच्या वाटेत पहिल्यांदा अल्कोहोल सोडू नये. त्याने प्रथिन साकळून भिंतीला घट्ट धरते. आधी पाणी किंवा बफर, मग धुण्याचे द्रावण, परत पाणी, आणि हवे असेल तर शेवटी अल्कोहोल.

दुधाच्या यंत्राचे प्रकरण मी मुद्दाम मोठे केले आहे. संकलन केंद्रावरचे अल्ट्रासॉनिक यंत्र दुधाचा छोटा नमुना बारीक नळीने ओढते, गरम करते आणि ध्वनिलहरी त्यातून कशा जातात यावरून फॅट आणि एसएनएफ काढते. काटेकोर अर्थाने ते मायक्रोफ्लुइडिक नव्हे, त्याची वाट जाड असते. पण दुखणी तीच आणि उपायही तेच. केंद्रावर रांग लागलेली असते, एकामागून एक कॅन रिकामे होतात, आणि रांग संपली की चालक यंत्र तसेच ठेवून घरी जातो. नळीत राहिलेले दूध वाळते. चरबी आणि प्रथिनांचा थर बसतो, त्यावर कॅल्शियमचा कठीण थर चढतो, त्याला दूधखडा म्हणता येईल. चरबी-प्रथिने अल्कलीच्या द्रावणाने निघतात, खडा आम्लाने. म्हणून रोज अल्कली, मधूनमधून आम्ल, आणि दोन्हींच्या मध्ये भरपूर पाणी. पाणी कोमट असावे. उकळते पाणी पहिल्यांदाच ओतले तर प्रथिन शिजून चिकटते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा गाईच्या दुधाचा धरलेला पाया. त्यापासून एकेक पॉइंट खाली आला की दर उतरतो. दोन म्हशी किंवा चार गाई असलेल्या घराचा महिना त्या पॉइंटवर उभा असतो. मळलेल्या सेन्सरने एक पॉइंट कमी दाखवला, तर त्या घराचे पैसे गेले आणि कोणी चोरलेही नाहीत. म्हणून या यंत्राची धुलाई मी व्यवहाराच्या प्रामाणिकपणाचा भाग मानतो. शंका आली तर पडताळ्याची जुनी वाट अजून खुली आहे: गर्बरच्या पद्धतीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल ब्युटिरोमीटरमध्ये घालून फिरवायचे आणि फॅटचा थर थेट डोळ्याने वाचायचा. प्रत्येक केंद्राने ठरलेल्या दिवशी एक नमुना दोन्ही पद्धतींनी तपासावा आणि दोन्ही आकडे फलकावर लावावेत.

डाळजच्या शेतकऱ्याला यातले बरेचसे आधीच ठाऊक आहे, आणि हे पुस्तक लिहिताना मला त्याचा मोठा आधार वाटला. ठिबकच्या ड्रिपरमधली नागमोडी वाट मिलिमीटरच्या आसपासची असते. ती तुंबू नये म्हणून तो शेवाळासाठी वाळूचा फिल्टर लावतो, त्यापुढे १२० मेशचा जाळीचा किंवा चकत्यांचा, म्हणजे साधारण १३० मायक्रॉनहून मोठे कण अडवणारा. कारण वाटेच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा कण आत जाऊ द्यायचा नाही, हा नियम. एक कण अडकत नाही, पण तीन-चार मिळून तोंडाशी कमान करतात. हाच नियम चिपला लावा: शंभर मायक्रॉनच्या वाहिनीत जाणारे प्रत्येक द्रावण दहा मायक्रॉनपेक्षा पुष्कळ बारीक फिल्टरमधून गाळलेले हवे, प्रयोगशाळेत ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर सहज मिळतो. क्षार साचले की शेतकरी आम्ल सोडतो, शेवाळ झाले की क्लोरीन, आणि दोन्ही एकदम कधीच नाही, कारण विषारी वायू सुटतो. लॅटरलची टोके उघडून फ्लश करतो. ही सगळी शिस्त प्रयोगशाळेत जशीच्या तशी लागू आहे. ठिबक सांभाळणाऱ्या घरातली मुलगी डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, करून यंत्रासमोर बसली, तर तिला तुंबण्याचे शास्त्र पहिल्यापासून शिकवावे लागत नाही. फक्त मोजमापाचा आकडा बदलतो.

पाण्याबद्दल मात्र इथे जास्त सावध राहावे लागते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येते. बोअरचे पाणी क्षारयुक्त. गावातल्या आरओचे पाणी प्यायला चालते म्हणून यंत्राला चालेल असे नाही. कॅनवर काय लिहिले आहे यापेक्षा पाण्याची विद्युतवाहकता मोजावी. मीटर स्वस्त आहे आणि एका मिनिटात उत्तर देतो. मातीतला पालाश मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरमध्ये तर हे लगेच दिसते. अमोनियम ॲसिटेटने काढलेला मातीचा अर्क केशनळीतून ओढून ज्योतीत फवारला जातो. अर्क नीट गाळला नसेल किंवा काम संपल्यावर काही मिनिटे शुद्ध पाणी ओढू दिले नसेल, तर केशनळीच्या टोकाशी क्षार बसतात, फवारा कमी होतो आणि मातीत पालाश कमी असल्याचा निकाल येतो. शेतकरी गरज नसताना पोत्यामागे पोते टाकतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेकडे पाहून तालुक्यात जिथे जिथे छोट्या माती प्रयोगशाळा उभ्या राहतील, तिथे केशनळीची ही निगा पहिल्या दिवसापासून शिकवली जावी.

आता सुटे भाग. बहुतेक प्रयोगशाळांत नळ्यांचा बाहेरचा व्यास इंचाचा सोळावा भाग, म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर असतो. नळी नटातून आणि फेरुल नावाच्या शंकूच्या आकाराच्या छोट्या कड्यातून जाते आणि नट आवळला की फेरुल नळीला धरून बसते. फेरुल एकदा बसले की ते त्या नळीचे आणि त्या तोंडाचे होते. दुसरीकडे लावले तर गळणारच. नळी कात्रीने कापू नये, तोंड लंबगोल होते. धारदार पात्याने किंवा नळी-कापणीने सरळ काटकोनात कापावी, भिंगाखाली पाहावी, मग तळाला टेकेपर्यंत आत सारून नट बोटांनीच आवळावा. पाना लावला की आटे जातात. नळी तळाला टेकली नाही तर मागे छोटा पोकळ कप्पा राहतो, त्यात जुना नमुना साठतो आणि पुढच्या नमुन्यात मिसळतो. टेफ्लॉन टेप घराच्या नळाला ठीक. इथे त्याचे तंतू सुटून वाहिनीत जातात.

ओ-रिंगची गोष्ट आणखी फसवी. मापाने बसणारी काळी ओ-रिंग गॅरेजात मिळते, पण ती बहुतेक नायट्राइल रबराची असते. हायपोक्लोराइटने ती कडक होते, चिरते, आणि तिचे काळे कण पुढे छिद्रात जातात. व्हायटनची ओ-रिंग हायपोक्लोराइटला टिकते पण ॲसिटोनमध्ये फुगते; ईपीडीएमला तेल चालत नाही. पीडीएमएसच्या चिपमध्ये टोल्युइन, हेक्झेन किंवा क्लोरोफॉर्म सोडले तर चिपच फुगून वाहिनी मिटते. म्हणून सुट्या भागाची मागणी करताना आतला व्यास, रबराची जाडी आणि रबराची जात, तिन्ही लिहावे. एका प्रयोगशाळेत सिरिंजच्या एका ओ-रिंगसाठी चांगले यंत्र महिनोन्महिने कापडाखाली झाकून ठेवलेले मी पाहिले आहे. भाग परदेशातून यायचा, एक सुटा मिळत नव्हता, आणि यंत्रासोबत जादा ओ-रिंग मागवायचे खरेदीच्या वेळी कोणाला सुचले नव्हते. तोवर गावातली माणसे पन्नास-साठ किलोमीटर दूर जाऊन तपासण्या करत होती.

क्षयरोगाच्या यंत्रांनी या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला आहे. जीनएक्स्पर्टमध्ये किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटमध्ये नमुना वापरून टाकायच्या कार्ट्रिजमध्ये आणि चिपवर राहतो. ओली वाट प्रत्येक तपासणीनंतर फेकली जाते. ट्रूनॅटला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०२० मध्ये मिळाली, आणि बॅटरीवर चालणारे यंत्र असल्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ शकले. आपल्याच देशातल्या माणसांनी उभे केलेले हे काम अभिमानाचे आहे. पण निगा संपत नाही, ती जागा बदलते. जीनएक्स्पर्टचे दट्टे पुसावे लागतात, पंख्याची जाळी धुवावी लागते, वर्षातून एकदा अंशांकन करावे लागते. उसाच्या हंगामात पाचट पेटले की काळी राख खिडकीच्या फटीतून आत येते, आणि आपल्याकडे ती जाळी माहितीपुस्तकात लिहिलेल्यापेक्षा लवकर भरते. शिवाय जीनएक्स्पर्टची कार्ट्रिज २ ते २८ अंशांत ठेवायची असतात. इंदापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या कोठारात ठेवलेली पेटी कोणाच्याही लक्षात न येता निकामी होते. थर्मामीटर कोठारात लावला आणि दुपारचा आकडा रोज लिहिला, तर तीच सगळ्यांत मोठी देखभाल ठरते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडे. प्रकरणे यंत्रांच्या नावाने नाहीत, द्रवाच्या प्रवासाने लावली आहेत: नमुना, गाळणी, नळी, सांधा, पंप, झडप, छिद्र किंवा चिप, आणि शेवटी टाकाऊ द्रवाची बाटली. ही शेवटची बाटली भरून उलटा दाब आला म्हणून सबंध यंत्र सर्व्हिसला पाठवल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तिला स्वतंत्र प्रकरण दिले. प्रत्येक भागाशेजारी तो तासांनी बदलायचा, तपासण्यांच्या संख्येने बदलायचा की लक्षणाने, हे सांगितले आहे. कंपनीच्या माहितीपुस्तकात वेगळे असेल तिथे कंपनीचे मानावे. कोणते काम तंत्रज्ञाने स्वतः करू नये तेही स्पष्ट लिहिले आहे, विशेषतः आतले वीजपुरवठ्याचे आणि लेझरचे भाग.

एक विनंती यंत्रे विकत घेणाऱ्यांना आहे: दूधसंघांचे संचालक, रुग्णालयांचे प्रमुख, महाविद्यालयांच्या खरेदी समित्या. निविदेत यंत्राच्या किमतीसोबत दोन वर्षांच्या नळ्या, ओ-रिंग, फेरुल, गाळण्या आणि एक जादा सिरिंज यांची किंमत मागा, प्रत्येक भागाचे माप आणि पदार्थ लेखी घ्या, आणि वार्षिक कराराचा माणूस किती तासांत डाळजपर्यंत पोचेल हे त्याच कागदावर लिहून घ्या. देखभालीचे सामान ज्या कपाटात राहील त्याची किल्ली यंत्रावर बसणाऱ्या व्यक्तीकडे द्या. रविवारी सकाळी पंपाची नळी बदलायला तिला कोणाच्या सहीची वाट पाहावी लागू नये.